शिशाचा उ

“सर, तुम्ही आहात हे कशावरून?”

प्रश्न तिचा नव्हताच. मागच्या बाकावरच्या, वाद घालून घालून वकिलीण नाव पडलेल्या मुलीनं तो वहीच्या फाटक्या कोपऱ्यावर लिहून पुढे सरकवला होता, आणि तिच्या शेजारच्या चिमणीनं त्याखाली ‘हिंमत असेल तर विचार’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी असली चिठ्ठी तिच्याकडे आलीच नसती. आली असती तर तिनं ती गिळून टाकली असती. पण आता ती ‘उजवी’ होती, अख्ख्या वर्गाची उजवी, आणि उजवीनं उभं राहायचं म्हणजे बाक करकरलाच पाहिजे असं उभं राहायचं. वर्ग खिदळला. दर बुधवारी तत्त्वज्ञान शिकवायला येणाऱ्या सरांनी खडू खाली ठेवला. त्यांचं नाव मुलींनी पणसर ठेवलं होतं, कारण त्यांचं कुठलंच वाक्य ‘पण’वाचून घरी जात नसे. “बसू नकोस, उभीच राहा,” ते म्हणाले, “तू हे मला विचारलंस. भिंतीला नाही विचारलंस. म्हणजे तोंड उघडायच्या आधीच तू मला ‘सर’ असं वाचून मोकळी झाली होतीस. पण...” सगळा वर्ग एका सुरात “पऽऽण!” म्हणाला, आणि सर हसले, त्यांना ते आवडायचं. “पण तू मला शिपाई असं वाचलं असतंस, तर मी जाऊन घंटा दिली असती का?” “द्याच सर, लवकर द्या,” चिमणी म्हणाली. हशा ओसरेपर्यंत थांबून सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मी आहे, असं तुम्हाला अंगात जिथे वाटतं तिथे हात ठेवा, म्हणाले. कुणी कपाळावर ठेवला, चिमणीनं पोटावर ठेवला, बाकीच्यांचे हात गेले छातीच्या डाव्या अंगाला. तिनं आपला उजवा तळवा उजवीकडे ठेवला, चांगला झोकात, कोपर बाहेर काढून, कारण डोळे मिटा म्हटलं तरी सगळ्या जणी एक डोळा उघडून तिच्याकडेच बघणार हे तिला ठाऊक होतं. आणि बघत होत्याच. तिनंही एक डोळा उघडला. तेव्हा तिला तिची वही दिसली. डाव्या हातानं छातीशी धरलेल्या त्या जाड वहीतून खुणेची लाल दोरी बाहेर लोंबत होती, आणि ती दोरी हलत होती. वारा नव्हता. दोरी हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. वहीला आतून कुणीतरी बोटानं टकटक करत होतं, डाव्या बाजूनं. उजव्या तळव्याखाली काही नव्हतं, नुसता कापडाचा उबारा.

सर बोलत होते, आणि त्यांचे शब्द तिला पाण्याखालून ऐकू यावेत तसे येत होते. आधी नुसती वस्तू, मग तिच्यावर आपण अर्थाची चिठ्ठी डकवतो, असं होत नाही मुलींनो. चिठ्ठी लागलेलीच वस्तू आपल्यासमोर येते, वाचल्याशिवाय आपल्याला काही दिसतच नाही. पण, आणि या वेळी वर्ग ‘पण’ म्हणायला विसरला, पण वस्तूला नाही म्हणता येतं. तुमचं वाचणं चुकलं की ती कुठेतरी अडते, बोचते. ते ‘नाही’ ऐकून पुन्हा वाचतो त्याला वाचणारा म्हणायचं. ऐकतच नाही तो वस्तूला नुसता दम देत असतो. घंटा झाली. वकिलीण तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “जिंकलीस गं उजवे! काय चेहरा झाला होता त्यांचा!” ती हसली. हसताना तिनं वही दोन्ही हातांनी आवळून धरली, ती टकटक कुणाला दिसू नये म्हणून, आणि आवळल्यावर टकटक आणखी जोरात व्हायला लागली.

अकरा दिवस. फक्त अकरा दिवसांपूर्वी ती कुणीच नव्हती. म्हणजे होती, हजेरीपटावर होती, पण बाई नाव पुकारायच्या आणि तिच्या ‘हजर’कडे मान वर न करता पुढच्या नावावर जायच्या. धावण्याच्या संघासाठी छातीचा फोटो काढून आणा, असं खेळाच्या बाईंनी सगळ्यांनाच सांगितलं होतं. तिला ते सोपं होतं, तिचे बाबाच एक्स-रे काढायचे. दोन रस्ते ओलांडून पलीकडे जो दवाखाना होता, त्याच्या तळघरातल्या जाड दाराच्या खोलीत ते बावीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढत होते. वरच्या मजल्यावर फोटोचे डॉक्टर बसायचे. त्यांना माणूस असा दिसायचाच नाही, उजेडाच्या पेटीवर लटकवलेला फोटो दिसायचा. ते फोटो बघून बोलायचे आणि काचेच्या अलीकडे बसलेली आई ते टाइप करायची. म्हणजे माणूस खालून वर जाताना आधी बाबांच्या हातून जायचा, मग डॉक्टरांच्या डोळ्यांतून, मग आईच्या बोटांतून, आणि कागद होऊन बाहेर पडायचा. घरी यावर कायम थट्टा चाले. बाबा म्हणायचे, आम्ही काढतो, वाचत नाही. आई म्हणायची, आणि मी टाइप केल्याशिवाय कुणी आजारी पडत नाही. तिची एक सवय होती, रिपोर्टात ‘आहे’ असं कधी यायचं नाही, सगळीकडे ‘दिसते’. गाठ दिसते, पाणी दिसते, चीर दिसते. लहानपणी तिला वाटायचं, आईला सगळ्यांचं आतलं दिसतं आणि म्हणून आई कुणाच्या अंगाकडे फार वेळ बघत नाही.

आणि मग तिचा स्वतःचा कागद आला. हृदय उजव्या बाजूस आहे. बाकी सर्व ठीक. लाखात एखादं माणूस असं असतं म्हणे, आणि असून काही बिघडत नाही, पळा, उड्या मारा. तरी हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. त्यांची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती. त्या दुपारी तिनं उजवीकडे हात ठेवला आणि तिला तिथे ठोके लागले. खरोखर लागले, ती खोटं बोलत नव्हती! तेव्हापासून ती उजव्या कुशीवर झोपत नव्हती, दडपेल म्हणून. दप्तराचा पट्टा तिनं डाव्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली होती. खेळाच्या बाई तिच्याशी बोलताना आवाज खाली आणायच्या. वर्गात हात वर करायला लागली होती ती, नाटकात काम मागायला गेली होती, भांडली होती, एकदा तर वकिलिणीला वादात गप्प केलं होतं. आरशासमोर उभी राहून ती स्वतःला म्हणायची, बघ, तू आतूनच वेगळी आहेस, आणि ते कुणी उगाच कौतुकानं म्हटलेलं नव्हतं, कागदावर होतं, सहीशिक्क्यासकट. इतकी वर्षं ती जी बुजरी, मागेमागे राहणारी होती ती का, तेही तिला उमगलं होतं. सगळी दुनिया डावीकडून धडधडत होती आणि ही एकटी उजवीकडून, मग कसं जुळणार? सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. आता ते एका लाल दोरीनं हललं.

मधल्या सुट्टीत ती मुतारीच्या शेवटच्या कोठडीत कडी लावून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. उजवीकडे काहीतरी होतं. नव्हतं. होतं, लांबचं, भिंतीपलीकडे कुणी चालावं तसं. डावीकडे मात्र कुणी दार वाजवत होतं. तिच्या मनात आलं, दोन असतील का? एक फोटोतलं आणि एक हे? आणि ज्या क्षणी हे मनात आलं त्या क्षणी तिला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण दोन असण्यापेक्षा भयंकर गोष्ट तिच्या ध्यानात आली. उजवीकडे काही नसेल तर तिथे अकरा दिवस तिला लागलेले ते ठोके कुणाचे होते? ते तिनं मोजले होते. एकदा मिनिटाला ब्याऐंशी भरले होते. जे नाही ते ब्याऐंशी वेळा कसं वाजेल? आणि वाजलं असेल, तर मग तिला आजवर जे जे लागलं, दिसलं, आवडलं, त्यातलं काय होतं आणि काय तिनं वाचून तयार केलं होतं? कोठडीच्या दारावर कुणीतरी कर्कटकानं एक चेहरा कोरलेला होता, तिला रोज वाटायचं की तो रडतोय. आज बघितलं तर तो दोन ओरखडे आणि एक भोक इतकाच होता. तिनं पुन्हा चेहरा बघायचा प्रयत्न केला. जमेना. बाहेरून चिमणी ओरडली, “आत संसार थाटलास का गं?” आणि ती दचकून एवढ्या जोरात किंचाळली की चिमणीही किंचाळली.

शाळा सुटल्यावर ती घरी धावत गेली. जिने चढताना ठोके कानात येत होते, आणि कानात आलेला ठोका कुठल्या अंगाचा ते कळत नाही, तेवढंच एक बरं होतं. घरी कुणी नव्हतं. आई साडेपाचला यायची, बाबा मधल्या चहाला येऊन सहाच्या पाळीला परत जायचे. कपाटाच्या वरच्या फळीवर विजेची बिलं, घराचे कागद आणि तिचा फोटो एकाच पिशवीत होते. खाकी पाकिटातून तो बाहेर काढताना तो गडगडल्यासारखा वाजला, आणि ती थबकली, घरात कुणी ऐकतंय की काय असं वाटून. मग तिनं तो खिडकीच्या काचेवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. बाहेरच्या इमारती, टाक्या, दोऱ्यांवरचे कपडे तिच्या बरगड्यांतून दिसायला लागले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, ती बरोबर गळ्याच्या हाडाखाली. आणि मधोमध तो पांढरट गोळा, एका अंगाला टोक काढून झुकलेला. अकरा दिवस तिनं तो आरशात बघावं तसा बघितला होता, मैत्रिणींना दाखवला होता, एकदा तर त्याला हलकेच हात लावला होता. आज तिनं गोळ्याकडे बघितलं नाही. आज तिनं कोपऱ्याकडे बघितलं. टोक ज्या अंगाला झुकलेलं होतं, त्याच अंगाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटंसं, पांढरंशुभ्र अक्षर होतं. उ. उजवा. सगळ्या फोटोत तेवढी एकच गोष्ट अशी होती जी आतून आलेली नव्हती. हाडं तिची होती, गोळा तिचा होता, धुरासारखी फुप्फुसं तिची होती. उ बाहेरून ठेवलेला होता. तोच उ दुसऱ्या कोपऱ्यात असता तर हा फोटो चारचौघींसारखा होता. डॉक्टरांनी तिचं काळीज वाचलंच नव्हतं, त्यांनी उ वाचला होता, आणि त्यात त्यांची काय चूक? फोटोवर डावं-उजवं ठरवायचं ते त्या अक्षरानंच. आणि मग, फोटो अजून काचेवर दाबलेला असतानाच, तिच्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टीचा चिकटपणा आठवला.

तो उ बाबांनी लावलेला नव्हता. तो तिनं लावला होता. सात वर्षांची असल्यापासून ती सुट्टीत बाबांबरोबर त्या खोलीत जायची, आणि पत्र्याच्या डबीतलं शिशाचं अक्षर काढून, चिकटपट्टीचा तुकडा फाडून, जिला छाती टेकवून फोटो काढतात त्या उभ्या फळीच्या कोपऱ्यात चिकटवायचं काम तिचं. ‘ही माझी साहेबीण, हिच्या सहीशिवाय आपला फोटो निघत नाही,’ असं बाबा पेशंटना सांगायचे, आणि ते बिचारे दुखणं विसरून हसायचे. खरं म्हणजे प्रत्येक माणसाला अक्षर नव्यानं लावायचं असा नियम होता. पण बाबा सकाळी एकदा लावायचे आणि संध्याकाळी काढायचे, कारण फळीसमोर येणारा प्रत्येक जण फळीकडे तोंड करूनच उभा राहतो, मग त्याचा उजवा हात तो फळीचा उजवा कोपरा, त्यात बदलायचं काय? त्या सकाळीही ती शिरल्या शिरल्या म्हणाली होती, थांबा, मी लावते. आणि लावताना ती फळीकडे तोंड करून उभी नव्हती. आता तिला ते इतकं लख्ख दिसलं की तिनं डोळे मिटून घेतले आणि ते आणखी लख्ख दिसलं. ती बाबांकडे तोंड करून उभी होती, फळीला पाठ लावून, आणि धावण्याच्या संघात आपणच पहिल्या येणार कशा, याच्या बाता मारत होती. बाता मारता मारता तिनं उजवा हात मागे नेला आणि उ चिकटवला, तिच्या उजव्या हाताला, बरोब्बर. मग बाबा म्हणाले, चला पैलवान, तोंड तिकडे. ती वळली. ती वळली, उ वळला नाही.

तिला आधी वाटलं, सुटले. विचित्र, पण खरं तेच वाटलं, गार पाण्यासारखं, की आपण दोन काळजांच्या नाही आणि वेड्याही नाही. पाठोपाठ वाईट वाटलं, इतकं की ती खिडकीशी खाली बसली, कारण उद्यापासून पुन्हा ‘हजर’ म्हटल्यावर बाई मान वर करणार नव्हत्या. फोटो तिच्या मांडीवर होता. वाटलं, गप्प बसावं. कुणाचं काय बिघडलंय? पुढच्या महिन्यात हृदयाचे डॉक्टर नळी लावतील, हसतील, निदान तोवर महिनाभर तरी उजवी राहता येईल. आणि याच क्षणी, अगदी याच, तिला त्या सकाळी फोटोच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावरून आलेला आवाज आठवला. ‘झालं का गं तुझं? मी येऊ आत?’

ग्रंथपालबाई. शाळेच्या वाचनालयातल्या, पुस्तक उशिरा आणलं तर रागवायच्याऐवजी ‘आवडलं ना पण?’ म्हणणाऱ्या. त्या दिवशी तिच्या मागोमाग त्याच फळीसमोर त्या उभ्या राहिल्या होत्या, हनुवटी फळीला टेकवून, नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांचा फोटो काढायला. सहा महिने त्यांचं डोकं दुखत होतं. कुठे दुखतं विचारलं तर म्हणायच्या, कुठे काय, सगळ्या खोक्यातच दुखतं. त्यांच्यानंतर दिवसभर हात, पाय, मनगटं आली होती, ती टेबलावरची, त्यांना वेगळं अक्षर. फळीवरचा उ संध्याकाळपर्यंत तसाच होता, आणि संध्याकाळी बाबांनी तो अंदाजानं ओरबाडून डबीत टाकला असणार, रोजच्यासारखा. म्हणजे त्या उ-च्या नजरेखालून दोनच माणसं गेली. सोमवारी वाचनालयात बाई तिला हसून म्हणाल्या होत्या, “तुझं काळीज उजवं, माझा गाल उजवा. तिथे म्हणे काहीतरी वाढलंय. गुरुवारी सकाळी भोक पाडून काढणार आहेत. कसली मेली बिळं असतात गं आपल्यात!” आणि गालावर बोट आपटून दाखवलं होतं, उजव्या. ती पण हसली होती. दोघी उजव्या. आज बुधवार. तिनं स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. तिच्या छातीत निदान एक गोळा होता, नाही म्हणायला. वर्गात बसून, वहीवर टकटक करून, तो नाही म्हणाला होता. पण चेहऱ्यात काळीज नसतं. चेहऱ्याच्या दोन्ही अंगांना सारखी हाडं, सारखी बिळं. बाईंचा गाल काय म्हणणार? उद्या सकाळी दिवे लागतील, हातमोजे घातलेलं कुणीतरी आईनं टाइप केलेला कागद वाचेल, ‘उजव्या बाजूस दिसते’, आणि चांगल्या, निरोगी, बिचाऱ्या हाडात गिरमिट घालेल. तिथे काही नसेल. मग ते आणखी शोधतील. आहे म्हणून लिहिलंय म्हटल्यावर किती खोल शोधतील? आणि त्याच्याही मागून, अंधाऱ्या बोळातून चालत यावं तसं, आणखी एक आलं. सात वर्षांची असल्यापासून! किती सुट्ट्या, किती सकाळी, कितीदा ती बाता मारत, पाठमोरी... नाही, नेहमी तोंड फळीकडेच असायचं. असायचं ना? तिला तिचा छोटा हात दिसत होता, चिकटपट्टी दिसत होती, पण ती कुठे तोंड करून उभी आहे ते काही केल्या दिसेना. आठवणीच्या कोपऱ्यात उ लावून ठेवायला कुणी नव्हतं.

जिन्यात बोलणं ऐकू आलं. दोघं आज एकत्रच आले, आईच्या हातात दूध, बाबांच्या काखेत छत्री. फोटो तिच्या मांडीवर बघून आई दारातच थांबली. “काय गं? दुखतंय का? अहो, बघा हिचा चेहरा.” बाबा चपला काढता काढता म्हणाले, “कोणत्या तरी पोरीशी भांडली असेल. आजकाल वाघीण झालीय ती.” तिनं सांगितलं. उभं न राहता, फोटोकडे बघत, एकही बात न मारता. पाठ कुठे होती, हात कुठून गेला, वही कशी हलली, आणि तिच्यामागून त्याच फळीसमोर ग्रंथपालबाई कशा उभ्या राहिल्या. सांगून झाल्यावर चहाचं आधण ठेवायला कुणी उठलं नाही. आई तिच्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपला कान तिच्या छातीला लावला, डाव्या अंगाला. आईच्या केसांना त्या काचेपलीकडच्या खोलीचा, गरम कागदाचा वास होता. बराच वेळ तिनं कान काढला नाही. “अकरा दिवस,” ती म्हणाली, कान तसाच ठेवून, “अकरा दिवसांत मी हे केलं नाही. भीती वाटायची. आणि डॉक्टर सांगताना ‘दिसते’ असंच म्हणाले होते गं, मीच ‘आहे’ केलं. तुझं आहे आणि मी नुसतं ‘दिसते’ काय लिहायचं, असं वाटलं मला.”

बाबा अजून दाराशीच उभे होते, एक चप्पल पायात. “मी काढून परत लावला असेल,” ते म्हणाले, “बाईंच्या आधी. मी असं करतो कधीकधी.”

“आठवतंय की वाटतंय, बाबा?”

“अगं, बावीस वर्षं...”

“आठवतंय का?”

त्यांनी दुसरी चप्पल काढली, मग ती उगाचच पुन्हा पायात घातली. “डॉक्टरांनी फोन करून विचारलं होतं त्या दिवशी. म्हणाले, उ-चा शिक्का नीट लावलाय ना, हृदय उजवीकडे येतंय. मी म्हटलं, साहेब, बावीस वर्षांत माझा शिक्का चुकलेला नाही. मीच लावला म्हटलं. तू लावतेस म्हणजे मीच लावतो, त्यात मला खोटं वाटलंच नाही.” मग त्यांचा आवाज एकदम चढला, रागानं नाही, तिला कळलं की घाबरून. “आणि आता काय सांगू? पोरगी लावायची? उद्या ते म्हणतील, किती वर्षं? किती जणांचे? घेतील का मला त्या खोलीत परत? बघतो मी. सकाळी जाऊन बोलतो सरळ त्यांच्याशी, शांतपणे.”

“सकाळी आठला ऑपरेशन आहे हो,” आई म्हणाली, “डॉक्टर दहाला येतात.”

“मग नर्सला निरोप देतो. एकदा तपासून घ्या म्हणतो. तुझं नाव मध्ये यायला नको, बाळा, तू लहान आहेस.”

तिला वाटलं, हे असंच होऊ द्यावं. निरोप जाईल, नर्स तो कुणाला तरी सांगेल, किंवा विसरेल. बाबांचा हात चपलेच्या पट्ट्यावर होता, आणि त्या हातानं आजवर हजारो माणसांना हलकेच खांद्याला धरून फळीशी उभं केलं होतं, श्वास घ्या, धरा, सोडा. तिनं त्या हाताकडे ‘बाबांचा हात’ असं न वाचता नुसतं बघायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही, तो बाबांचाच हात राहिला. तिची छाती धडधडत होती. आता ती धडधड कुठून येते हे शोधावं लागत नव्हतं. ती साधी होती, सगळ्यांसारखी होती, डावीकडची होती, आणि भीतीनं नुसती फुटायला आली होती. ती उठली. बाक नव्हता, काही करकरलं नाही.

“बाबा, चप्पल काढू नका,” ती म्हणाली. “सहाच्या पाळीला मी तुमच्याबरोबर येणार आहे. मी फळीसमोर उभी राहीन, उ तुम्ही लावायचा, मी हातसुद्धा लावणार नाही. मग दोन्ही फोटो घेऊन आपण वर जायचं, डॉक्टर रात्री आठपर्यंत असतात, आणि त्यांना मी सांगणार, तो मी लावला होता, पाठमोरी, आणि त्याच दिवशी माझ्यामागे बाई होत्या. बाकीच्या वर्षांचं विचारलं तर मला आठवत नाही म्हणून सांगणार, कारण खरंच आठवत नाहीये. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, आई आली तर आईबरोबर. नाही आलात तरी मी चाललेय.”